रोज नवीन काय करायचं? अख्खी रेसिपी नको, त्यातली एक गोष्ट उचला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरात चार माणसं, सकाळी सातला दोन डबे जातात, रात्री पुन्हा स्वयंपाक, मोबाईलमध्ये रेसिपींचे ढीगभर व्हिडिओ सेव्ह केलेत आणि तरी संध्याकाळी फ्रीज उघडला की बटाटा, कोबी, भेंडी, फ्लॉवर याच्यापुढे डोकं चालत नाही. नवीन काही करायचा उत्साह टिकवायचा कसा, आणि बाकीच्यांना ते रोज सुचतं कुठून. मी ठाण्यात बरीच वर्षं पोळीभाजीचे डबे देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाहीच, पोटापाण्याचा आहे. माणसं तीच, बजेट तेच, आणि "काकू, परवाच तर दोडका होता" असा मेसेज आला की समजायचं, हा पुढच्या महिन्यात दुसरीकडे डबा लावणार.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. तुम्हाला रेसिपी कमी पडत नाहीयेत, जास्त झाल्यात. व्हिडिओ बघताना छान वाटतं, मग त्यातल्या चार गोष्टी घरात नसतात, म्हणून ते रविवारवर जातं आणि रविवारी कोणीतरी म्हणतं आज बाहेरच जाऊ. मी अख्खी रेसिपी क्वचितच उचलते. भाजी बाजारात जी मिळाली ती, हात जसा बसलाय तसाच, आणि त्यात फक्त एक गोष्ट बदलायची. आंबट बदला, नाहीतर वाटण, नाहीतर फोडणी, नाहीतर नुसती चिरायची पद्धत. सगळं एकदम नाही. एक बदल घरातले बिनबोभाट खातात, तीन केले की "हे काय केलंयस आज" सुरू होतं, आणि बिघडलं तर नक्की कशानं बिघडलं ते आपल्यालाही कळत नाही.

पहिली सवय म्हणजे भाजी ठरवून बाजारात जाणं सोडा. बाजारात जाऊन भाजी ठरवा. ज्याचा ढीग लागलाय आणि भाव उतरलाय ते घ्यायचं, कारण तेच त्या आठवड्यात सगळ्यात चवीचं असतं. ॲपवरून मागवत असाल तर निदान पंधरा दिवसातून एकदा पिशवी घेऊन चक्कर मारा, कारण ॲपवर बाराही महिने तेच फ्लॉवर-सिमला मिरची पुढे येतं. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की स्टेशनजवळ आणि जांभळी नाक्याच्या बाजूला शहापूर-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, फोडशी, भारंगी, थोड्या दिवसांनी कंटोळी. यातलं काहीतरी घ्याच, आणि पैसे देताना विचारा, मावशी तुम्ही कशी करता? यापेक्षा चांगला रेसिपीचा व्हिडिओ मला अजून सापडलेला नाही. एक तर ती बाई चार वाक्यात सांगते, आणि धोका कुठे आहे तेही सांगते. शेवळं खाजतात, म्हणून वरचं आवरण आणि आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, आणि काकडं म्हणून जी छोटी हिरवी आंबट फळं ती सोबत देते ती घातल्याशिवाय करायची नाही, मिळाली नाहीत तर चिंच सढळ हाताने. भारंगीचा पाला कडू, तो उकडून पाणी ओतून द्यायचं आणि पिळून घ्यायचा. टाकळा कोवळाच घ्यायचा, भिजवलेली मूगडाळ आणि ओलं खोबरं घालून केला की पहिल्यांदा खाणाऱ्यालाही चालतो. ठाण्यात सीकेपी घरांमधून शेवळ्याची कणी अजूनही वर्षातून एकदा झालीच पाहिजे असं असतं, आणि तेवढ्यासाठी माणसं शेवळ्यांचा भाव जास्त असला तरी कुरकुर करत नाहीत.

थंडीत तर सुचत नाही म्हणायची सोयच नाही. पावटा, वालपापडी, तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, हिरवी लसूण, कोवळी मेथी सगळं एकदम येतं. भोगीला आपण जी मिसळीची भाजी करतो ना, तीळकूट घालून, सोबत बाजरीची भाकरी, ती वर्षातून एकदाच का करायची हे मला कळलेलं नाही, जानेवारीभर करा की. उन्हाळ्यात मात्र भाज्या रोडावतात आणि तेव्हाच खरी पंचाईत होते. तेव्हा कैरी, फणसाची कुयरी, आणि डब्यातली वाळवणं काढायची. सांडग्यांची आमटी, कुरडईची भाजी. कुरडई गरम पाण्यात भिजवून मऊ केली आणि कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतली की दहा मिनिटात काम होतं, मुलंही खातात.

आता दोडका. मुद्दाम दोडका घेते कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. एक किलो आणलात तर तो एका दिवसाची भाजी नाही, किमान दोन दिवसांची आहे. आधी प्रत्येक दोडक्याचा छोटा तुकडा कच्चा चावून बघायचा, दुधीचंही तसंच. कडू लागला तर सरळ फेकायचा, साखर-गूळ घालून वाचवायला जाऊ नका. कडू दुधीच्या रसाने माणसं हॉस्पिटलमध्ये गेलेली आहेत, तिथे काटकसर नको. मग दोडक्याच्या शिरा. त्या फेकणाऱ्या लोकांबद्दल मला फार वाईट वाटतं. धुऊन पुसून मग शिरा काढायच्या, म्हणजे ओल्या राहत नाहीत, सुरीने बारीक कापायच्या, कढईत दोन चमचे तेलावर हिरव्या मिरचीसोबत टाकायच्या आणि गॅस बारीक करून विसरल्यासारखं करायचं, अधूनमधून हलवायचं. आधी त्या मऊ पडतात आणि वाटतं काही खरं नाही. दहा-बारा मिनिटांनी पाणी उडतं, कडा तपकिरी व्हायला लागतात आणि कढईतला आवाज बदलतो, आधी ओलसर चुरचुर असते ती कोरडी खरखर होते. तेव्हा तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं घालायचं, दोन मिनिटं परतायचं आणि रंग येतोय न येतोय तोच गॅस बंद, कारण तीळ आणि खोबरं गरम कढईत पुढेही भाजत राहतं. मीठ, चिमूटभर साखर. मिक्सरला एकच झटका, पीठ नाही करायचं. या चटणीसाठी माझ्याकडे लोक मागून जास्तीचे पैसे देतात, आणि आहे काय त्यात, तर सालं!

राहिलेल्या गराला पाणी घालायचं नाही, तो स्वतःच भरपूर पाणी सोडतो. पहिल्या दिवशी अर्धा तास भिजवलेली मूगडाळ घालून हिरव्या मिरचीवर करा. दुसऱ्या दिवशी तोच दोडका, पण फोडणीत लसूण ठेचून, लाल तिखट आणि वरून दाण्याचं कूट. पुढच्या वेळी चणाडाळ आणि गोडा मसाला. किंवा गोल जाड चकत्या करून भजी. सगळीकडे दोडका तोच, तुम्ही कढई ठेवली तीही तीच, बदललं एकच. खाणारा माणूस मात्र त्याला चार वेगळ्या भाज्या समजतो. चिरण्याचं तर मी नेहमी सांगते. कोबी लांब बारीक चिरलेला, चौकोनी चिरलेला आणि किसलेला या तीन भाज्या आहेत, शिजायचा वेळ वेगळा, पाणी सुटणं वेगळं, तोंडात लागणं वेगळं.

पण सगळ्यात मोठी गंमत आंबटात आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही. आपण मसाल्यांच्या मागे लागतो. समजा रोजचं तुरीचं वरण आहे, घोटून तयार. चिंच, गूळ, गोडा मसाला घातला की नेहमीची आमटी झाली. त्याच वरणात उद्या गोडा मसाला न घालता चार-पाच आमसुलं, हिरवी मिरची आणि मूठभर ओलं खोबरं टाका, एकदम कोकणात गेल्यासारखं होतं. कैरीचा सीझन असेल तर सालासकट चार फोडी आणि फोडणीत मेथीदाणे. टोमॅटो असेल तर लसूण आणि कढीपत्ता, गूळ नको. आंबट चुका मिळाला तर पाला आपोआप विरघळतो, त्यात शेंगदाणे हवेतच. मराठवाड्यात-विदर्भात अंबाडीचा पाला उकडून, पाणी काढून, कण्या आणि डाळ घालून घोटतात आणि वरून लसणीची कडकडीत फोडणी ओततात, ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याला तोड नाही. माझ्या एका जुन्या गिऱ्हाईकाची मुलगी न्यू जर्सीला असते, ती कैरीच्या जागी क्रॅनबेरी घालते, तिथे नोव्हेंबरात त्या ताज्या मिळतात, आणि लोणचंही त्याचंच करते. मी ती आमटी खाल्लेली नाही पण डोळे मिटून सांगते चांगली होत असणार, कारण आंबट-तुरट-गूळ हे गणित तेच आहे.

इथे थोडं तंत्र सांगते, ते नसेल तर प्रयोग फसतात. आंबट कधी घालायचं ते महत्त्वाचं. चिंच किंवा टोमॅटो आधी पडला की बटाटा, चणाडाळ, शेवग्याच्या शेंगा लवकर शिजत नाहीत, कारण भाजीला घट्ट धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते आंबटात लवकर मऊ पडत नाही. म्हणून भाजी शिजली की मग चिंच. आणि हेच उलटंही वापरता येतं, रश्श्यातल्या बटाट्याच्या फोडी मोडायला नको असतील तर चिंचेचा कोळ थोडा आधी घाला, फोडी आख्ख्या राहतात. भेंडीला मात्र आमसूल किंवा लिंबू लवकर, तार कमी होते. बाकी ठिकाणी आमसूल शेवटच्या पाच मिनिटात पुरे. ताक घालायचं असेल तर आधी बेसन लावून घ्यायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर फुटलंच समजा. लिंबूही एरवी गॅस बंद केल्यावर. एवढं पाठ झालं की मग रेसिपी लागत नाही, फ्रीजमध्ये काय आंबट आहे ते बघायचं फक्त.

वाटणाचं असंच पण ते जास्त लांबवत नाही. गोडा, कांदा-लसूण, मालवणी, एवढे तीन मसाले छोट्या बरण्यांमध्ये असले तरी एक मसूर तीन जिल्ह्यांत फिरून येतो. मराठवाड्याकडचं कोणी ओळखीचं असेल तर येसर मागून घ्या. त्यात धान्य-डाळी मसाल्यांबरोबर भाजून दळलेल्या असतात, त्यामुळे चवीबरोबर आमटीला दाटपणाही येतो, वेगळं वाटण करावं लागत नाही. सकाळी डबा असणाऱ्या घराला यासारखी सोय नाही. सोलापूरकडे शेंगदाणे वाटून आमटी करतात, खान्देशात डुबुकवड्यांची, म्हणजे रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या गोळ्यांची, जुन्नरकडे कुळथाच्या पिठाचे शेंगोळे. हे सगळं भाजीच घरात नाही अशा दिवशीचं जेवण आहे आणि मी तर म्हणते महिन्यातून दोनदा भाजी नसलेलीच बरी.

आता तुमच्या त्या सेव्ह केलेल्या व्हिडिओंकडे येऊ. बघा जरूर, मीही बघते, रात्री पाय वर करून तेच तर बघते. फक्त बघताना शोधायचं काय, तर यात नवीन नक्की काय आहे? बहुतेक रेसिपींमध्ये एकच गोष्ट खरंच नवी असते, बाकी तुम्हाला आधीपासून येत असतं. केरळचं कोबीचं थोरन बघितलं तर ती आपलीच ओलं खोबरं घातलेली कोबीची भाजी, नवीन एवढंच की खोबरं, जिरं, मिरची भरड वाटून घालतात आणि फोडणी खोबरेल तेलाची. तमिळ कूटु म्हणजे आपली डाळ घातलेली भाजी, वर खोबरं-जिऱ्याचं वाटण. बंगाली लोक लाल भोपळ्याला पाचफोरनची फोडणी देतात, मोहरी, मेथी, जिरं, कलौंजी, बडीशेप, पाचही आख्खे. मी त्यातली फक्त फोडणी उचलली. भोपळा आपल्या पद्धतीनेच, गूळ-तिखट घालून, पण फोडणीत हे पाच. डब्यात दिला तेव्हा ज्यांना भोपळा नको असतो त्यांनीसुद्धा आज काय होतं त्यात विचारलं. अख्खी बंगाली रेसिपी केली असती तर मोहरीचं तेल आणायला गेले असते, मग ते तेल घरात पडून राहिलं असतं.

आणि व्हिडिओ ज्या गोष्टी खोटं सांगतात त्या माहिती असू द्या. "कांदा दोन मिनिटात सोनेरी होईल" म्हणतात, नाही होत. तीन मध्यम कांदे बारीक चिरून मध्यम आचेवर नीट ब्राऊन व्हायला बारा-पंधरा मिनिटं लागतात, ते व्हिडिओत कापून टाकतात. आपण दोन मिनिटांनी मसाला घालतो, कांदा कच्चाच, आणि भाजी उग्र-गोडसर होते, मग वाटतं आपल्या हाताला चव नाही. दुसरं मापाचं. त्यांचा कप बहुतेक २४० मिलीचा असतो आणि आपली आमटीची वाटी सहसा १५० च्या आसपास, त्यामुळे तांदूळ त्यांच्या कपाने आणि पाणी आपल्या वाटीने असं झालं की संपलं. घरातली एक वाटी माप म्हणून ठरवून टाका आणि सगळं तिनेच मोजा. तिसरं, पहिल्यांदा करताना अर्धं प्रमाण, जसंच्या तसं, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी मुळीच नाही. वरची एक-गोष्ट-बदला आयडिया ही रोजच्या भाजीसाठी आहे, ढोकळा-केकसारख्या मापाच्या पदार्थाला ती लावू नका, तिथे पहिल्या वेळी अक्कल बाजूला ठेवायची.

उत्साहाचं म्हणाल तर खरं सांगू का, संध्याकाळी साडेसहाला कोणालाच उत्साह नसतो. मलाही नसतो. तेव्हा जे होतं ते आधी काय तयार आहे त्याच्यावर होतं. दाण्याचं कूट, भाजलेल्या तिळाचं कूट, चिंचेचा कोळ, सोललेली लसूण, भिजत घातलेलं एखादं कडधान्य, एवढं घरात असलं की हात आपोआप काहीतरी वेगळं करायला जातो, कारण वेगळं करणं म्हणजे अजून वीस मिनिटं असं राहत नाही. वालाचं बिरडं कोणाला आवडत नाही? पण ते भिजवा, मोड आणा, गरम पाण्यात टाकून सोला, यात दोन दिवस जातात, म्हणून होत नाही. तर सोलायला सगळ्यांना बसवा टीव्हीसमोर, अर्ध्या तासात किलोभर होतात, आणि सोललेले वाल फ्रीझरमध्ये छान राहतात. भाजणी घरात असेल तर उरलेली कुठलीही कोरडी भाजी थालीपिठात जाते, कालचं वरण उरलं तर वरणफळं, पोळ्या उरल्या तर कुस्करा, हे तुम्हाला माहितीच असणार.

घरातल्यांना "आज काय करू" हे विचारू नका. त्याचं उत्तर "काहीही कर" हेच येतं आणि केल्यावर तोंडं वाकडी. दोन ऑप्शन द्या, गवार की पडवळ? निवडलेलं माणूस निमूट खातं. आणि आठवड्यातून एक वेळ कढई दुसऱ्याच्या हातात द्या, नवऱ्याच्या, मुलाच्या, सासूबाईंना होत असेल तर त्यांच्या. माझा मुलगा मसूर करतो त्यात तो मिरी भरडून घालतो, मी कधीच घातली नव्हती, आता डब्यातही तशीच जाते. करताना मधे बोलायचं नाही एवढं मात्र पाळा, ओटा नंतर पुसता येतो.

एक शेवटची गोष्ट, जी मी अगदी नेमाने करते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच चौकोनात त्या दिवशीची भाजी आणि काय बदललं ते दोन शब्दात लिहायचं. "गवार, तीळकूट, बरी." "पडवळ, ताक, परत नको." "कंटोळी, काजू, मस्त." आणि जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत टाकायचं नाही, नव्याच्या मागेच टांगायचं. एखाद्या दिवशी काहीच सुचत नसेल तर तोच महिना मागच्या वर्षीचा उलटून बघायचा, बाजारात साधारण तेच आलेलं असतं, आणि ज्याच्यापुढे "परत नको" लिहिलंय त्यातलं एक काहीतरी बदलून पुन्हा करून बघायचं. पडवळ मी नंतर चणाडाळ घालून केलं, आता ते महिन्यातून एकदा डब्यात असतं.